उघारी बुजवू नये

काल्हेर, ५ नोव्हेंबर २०२४

मैना,

वर काय लिहावं इथंच अर्धा तास गेला. लग्नाचं आमंत्रण असो की बारशाचं, तुझ्या नावामागे 'सौ.' लिहायची हाताला सवय. आजही पेन 'स'वर गेलं आणि थांबलं. 'श्रीमती' लिहवत नाही. म्हणून नुसतं मैना, लहानपणी हाक मारायचो तसं.

तू फोन उचलत नाहीस. नारपोलीला दोनदा आलो, तर तू आतल्या खोलीत निघून गेलीस आणि तुझी सून वैशाली बिचारी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पत्र मात्र तू न वाचता फाडणार नाहीस, मला माहीत आहे. शाळेत असताना तू चण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचीस आणि मगच फेकायचीस. त्या भरवशावर लिहितोय.

परवा भाऊबीजेला पाट मांडला आणि संध्याकाळी उचलून ठेवला. हे दुसरं वर्ष. सावळारामच्या तेराव्याला आणलेली दुखवट्याची साडीही अजून कपाटात आहे. तू वैशालीच्या हाती परत पाठवलीस तशीच, पुडक्यासकट. माहेरची साडी नेसल्याशिवाय बाईचा दुखवटा सुटत नाही म्हणतात. म्हणजे तू अजून दुखवट्यातच आहेस, आणि माझ्यामुळे आहेस, असं चार माणसांत तू बोललीसही. 'माझ्या दादूसनं माझा माणूस मारला.' आपल्या गावापर्यंत आलं ते.

मैना, राग मानू नकोस, पण पाऊस काय मी पाडला? अधिक महिन्यातली पौर्णिमा, खाडीला उधाण, त्यात दोन दिवस मुसळधार. सगळी भिवंडी पाण्यात होती. नारपोलीत पाणी काही तुमच्या एकट्याच्याच घरात शिरलं नव्हतं. सावळाराम लूममास्तर माणूस, आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेलेली. त्याचं दुखणं जुनंच होतं. त्या रविवारी तुम्ही दोघं माझ्याकडे धोंड्याला जेवायला येणार होता. जावयासाठी तांब्याचं ताट आणून ठेवलं होतं मी. ते कुठं ठेवावं हेसुद्धा मला कळत नाही.

आणि उघाडीचं, खाडीच्या बांधातल्या आपल्या 'उघारी'चं म्हणशील तर ती आपोआपच बुजली होती. बापूस गेल्यावर गाळ काढायला कोण जाणार? लाकूड कुजलं, चिखल बसला, संपलं. त्यावर भराव पडला तो नंतर. एवढं तरी समजून घे.

तुझा दादूस

काल्हेर, १२ डिसेंबर २०२४

मैना,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी गेटपर्यंत जातो आणि तो माझ्या हातात लाइटबिल ठेवतो.

एक बातमी आहे. पुरानंतर शहर नव्यानं उभं करायला जो कक्ष नेमलाय, त्यातली एक इंजिनीयर आपल्याकडे आली होती. रीमा नाव. आमच्या भाविकपेक्षा लहान असेल, पायात गमबूट, खांद्याला बॅग. मला वाटलं पंपाच्या स्टेशनसाठी जागा मागायला आली. तर म्हणते, "पंप नको, काका. पाऊस आला की सगळ्यात आधी वीज जाते. विजेशिवाय पाणी बाहेर गेलं पाहिजे."

तिचा बेत ऐकण्यासारखा आहे. नारपोलीचा नाला खाडीपर्यंत पुन्हा मोकळा करायचा. खाडीकाठच्या खाजणावर, त्या खाऱ्या दलदलीवर पडलेल्या भरावाचा एक पट्टा काढायचा, तिथं तिवरं लावायची. पडलेल्या घरांचं डेब्रिज खाडीत न टाकता फोडून नव्या घरांच्या जोत्यांत घालायचं. लूमचे कारखाने कमरेएवढ्या जोत्यावर घ्यायचे. गल्ल्यांमधलं काँक्रीट जागोजागी उखडून पाणी मुरायला माती उघडी ठेवायची. सभेत तुमच्याकडचा एक लूमवाला उठून म्हणाला, "मैडम, झाड लगाने से लूम चलेगा क्या?" सगळे हसले, मीही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "पानी निकलेगा तो चलेगा, चाचा."

सभा सुटल्यावर तिनं मलाच गाठलं. गावातल्या कुण्या म्हाताऱ्यानं तिला 'हिरामणची उघारी' सांगितली होती. आपल्या बापसाचं नाव तिच्या तोंडून ऐकून मला बरंच वाटलं. मग मी तिला सगळं समजावलं. खाडीच्या बांधात दगडी मोरी, मोरीच्या तोंडावर वरून टांगलेलं सागाचं दार. भरती आली की बाहेरचं पाणी दार दाबून धरतं, खारं पाणी आत येत नाही. सुकती लागली, बाहेरचं पाणी खाली गेलं, की आतलं पाणी दार ढकलून आपोआप खाडीत जातं. ना कुलूप, ना वीज, ना माणूस. दिवसातून दोनदा बंद, दोनदा उघडं.

तिचे डोळे लहान मुलासारखे झाले. "म्हणजे कितीही पाऊस झाला तरी..."

"एका सुकतीत उतरायचं," मी म्हणालो. बोलून गेलो.

ती म्हणाली, खाडीकाठचा चिखल तळ धरत नाही, कुठंही बांधकाम केलं तर खचेल. तुमच्या आजापणज्यानं जिथं खडक लागला तिथंच मोरी बसवली असणार. ती नेमकी जागा हवी. मी हात केला जानकीबाईच्या पडीक तुकड्याकडे, आपल्या गोडाउनांच्या पलीकडे. वय झालंय, आठवणीचं काय खरं.

तुझा दादूस

काल्हेर, २० फेब्रुवारी २०२५

मैना,

जानकीबाईच्या तुकड्यात दोन महिने खोदत होते. वीस फूट गेले, चिखलच. मशीन एकदा रुतलं ते काढायला दुसरं मशीन आणावं लागलं. जानकीबाई रोज येऊन काठावर बसायची आणि रीमाला म्हणायची, "पोरी, हतं कंदी दार व्हतं? मना त आठवत न्हाय." मग माझ्याकडे बघायची. मी मोबाइलमध्ये बघायचो.

परवा रीमा घरी आली. हातात आपल्या जमिनीचे कागद. भराव काढायचा तर कागद तपासावे लागतात म्हणे. तिनं तुझं हक्कसोडपत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "काका, ही अट कसली? 'मैना यांची उधारी बुडवू नये.' आत्यांचं काही देणं होतं का?"

भाविक शेजारीच बसला होता. तोही म्हणाला, "कसली उधारी, पप्पा?"

मैना, आता लिहितो ते तुला माहीत नाही. तुला वाटतं मी शब्द मोडला. शब्द मोडण्याआधी मी काय केलं ते ऐक.

आठवतं, रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर तो टायपिस्ट बसला होता. बाहेरगावचा माणूस, आपली बोली त्याला नवीन. तू सही करायला पेन उचललंस आणि खाली ठेवलंस. म्हणालीस, "दादूस, सगला घे. मना कायच नको. फकस्त उघारी बुजवू नको. ह्या कागदान लिव." टायपिस्टनं ऐकलं 'उधारी'. उधारी बुजवतात कशी, म्हणून त्यानं शहाणपणानं 'बुडवू' केलं. कागद माझ्या हातात आला. मी वाचला. घ चा ध झालेला मला दिसला, मैना. तुझा चष्मा घरी राहिला होता. तू विचारलंस, "लिवला?" आणि मी म्हणालो, "लिवला."

तू सही केलीस. मी तुला साडी दिली, मोरपंखी, तू ती छातीशी धरलीस. लोक म्हणाले भावानं बहिणीला चोळीबांगडीला कमी केलं नाही.

घड्याळात तेव्हा साडेअकरा झाले होते. डंपर अकरालाच लावले होते मी. आपण रिक्षानं तिकडे जात होतो तेव्हा पहिला डंपर उघाडीवर रिकामा होत होता. जेवायला गावात घेऊन आलो नाही, स्टेशनरोडच्या हॉटेलात नेलं, तुला वाटलं दादूस लाड करतोय. उघाडी आपोआप बुजली नव्हती. गाळ बसला नव्हता. त्या वर्षीच्या पावसात दार चांगलं चालत होतं. मी बुजवली. जिवंत दार बुजवलं. बांधाच्या आत लोकांनी भराव टाकून गोडाउनं उभी केली होती, माझ्याच जमिनीत तेवढं पाणी जायला वाट कशाला, असं मला वाटलं. एवढंच कारण. मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

आणि जानकीबाईचा तुकडा मी मुद्दाम दाखवला. आठवणीला काही झालेलं नाही.

रीमानं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "उधारी नाही. उघारी. घ." तिनं कागद गोळा केले आणि चहा न घेता गेली.

तेव्हापासून मोजतोय. मंगळवारी दुपारी तुझ्या घरात पाणी शिरलं. सावळारामच्या छातीत त्याच संध्याकाळी दुखायला लागलं. रस्त्यात छातीएवढं पाणी, रुग्णवाहिका अंजूर फाट्याच्या पुढे येईना. तो पोटमाळ्यावर पडून राहिला आणि शुक्रवारी सकाळी गेला. मंगळवार संध्याकाळ, बुधवार पहाट, बुधवार संध्याकाळ, गुरुवार पहाट, गुरुवार संध्याकाळ, शुक्रवार पहाट. सहा सुकत्या झाल्या, मैना. खाडी सहा वेळा रिकामी झाली आणि तुमच्या गल्लीतलं पाणी हललं नाही.

तरी मन लबाड असतं. ते अजून म्हणतं, एवढा पाऊस होता, उघाडी असती तरी उतरलं असतं की नाही कोण जाणे. त्या 'कोण जाणे'वर मी झोपतो.

तुझा दादूस

काल्हेर, २ एप्रिल २०२५

मैना,

मी खरं सांगितलं. रीमाला, तिच्या साहेबांना, जानकीबाईलासुद्धा. जानकीबाई म्हणाली, "मना ठावं व्हता रं अनंता. तुज्या तोंडशी आयकाचा व्हता." सगळं गाव बघत होतं. व्हायचं ते झालं.

पण पुढचं ऐक. देव असाही हसतो. रीमाला घेऊन मी जागा दाखवायला गेलो आणि मला जागा सापडेना.

खरंच सापडत नाही. दहा फूट भराव, त्यावर काँक्रीट, त्यावर आपली चार गोडाउनं, सगळी एकाच मापाची, एकाच निळ्या पत्र्याची. ताड गेले, बांधावरचं भेंडीचं झाड गेलं, पायवाट गेली. मी चार नंबरपासून दोन नंबरपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. पन्नास वर्षं ज्या जागेवर आंघोळ केली, मासे धरले, ती जागा मला सांगता येईना. ट्रकवाले हॉर्न मारत होते. रीमा म्हणाली, "काका, आम्हाला एकच पट्टा फोडायची परवानगी आहे. सगळं नाही पाडता येणार. आणि पावसाआधी दार बसलं नाही तर नारपोलीचं यंदाही तेच."

जुन्या नकाशात बांधाची रेघ आहे. पण बांध लांबलचक, दार त्यात कुठं ते नाही.

उघाडीचं पाणी बघायला बापूस मला नेत नसे. मी आळशी, शाळेचं निमित्त सांगायचो. तो तुला न्यायचा. तू परकर खोचून दगडावर बसायचीस आणि पाणी खुणेच्या खाली गेलं की गावाच्या दिशेनं ओरडायचीस, "पानी उतरलाऽऽ!" तुझ्या ओरडण्यावर बाया मिठागराची वाट धरायच्या, मुलं चिंबोऱ्या धरायला पळायची. मी घरात पडल्या पडल्या चिडायचो की ही भवानी झोपू देत नाही.

तुलाच ठाऊक असेल ती जागा. आठवत असेल तर कळव. माझ्यासाठी नको. मी मागतोय हेही विसर.

तुझा दादूस

नारपोली, ९ एप्रिल २०२५

अनंता,

दादूस लिहीत नाही. हात वळत नाही.

तुझी सगळी पत्रं वाचली. वैशालीलाही वाचून दाखवली. उधारीची ओळ ऐकून ती म्हणाली, सासूबाई, पोलिसांत जाऊ या. मी म्हटलं, कशाला? ध चा घ करून पोलीस काय माझा माणूस उठवणार आहेत?

तू मोजलंस तसं मीही मोजलं होतं. पोटमाळ्यावर बसून मोजलं होतं. मला भरती-सुकती कळते. प्रत्येक वेळी यांना सांगायचे, आता उतरेल हां, आता सुकती लागली. ते म्हणायचे, मैना, तुझ्या बापसाचं दार उघडलं वाटतं. मी हो म्हणायचे. चौथ्या वेळेपासून त्यांनी विचारायचं सोडलं.

जागा लिहिते. बापूस बोलायचा, जमीन हलंल, डोंगर न्हाय हलायचा. बांधावर चालत जायचं आणि मधून मधून थांबून बघायचं, पाठ खाडीला, तोंड मुंब्र्याच्या डोंगराकडे. डोंगराला वर एक खाच आहे, दाढ पडल्यासारखी. गावदेवीच्या देवळाचा कळस बरोबर त्या खाचेत बसला की थांबायचं. कळस खाचेच्या डाव्या अंगाला दिसला तर अजून पुढे जा, उजव्या अंगाला दिसला तर मागे ये. पायाखाली दार असेल.

कळस आहे ना अजून? की तिथंही गोडाउन केलंस?

हे तुला सांगत नाही. त्या पोरीला सांग. परवा ती माझ्याकडे आली होती, माझ्या उंबऱ्यावर बसून जेवली. तिला सांग की दाराच्या मागे डाव्या हाताला दगडावर तीन चिरा आहेत. खालची चीर उघडी पडली की नारपोलीचं पाणी उतरलं समजायचं.

मैना हिरामण

काल्हेर, ३० मे २०२५

मैना,

तू सही करताना आपल्या बापसाचं नाव लावलंस. ते माझ्या लक्षात आलं.

कळस आहे. पण खालून दिसेना, सगळीकडे पत्रे. रीमा म्हणाली, वर चढू. माझे गुडघे चढू देईनात, म्हणून भाविक तिच्यासोबत तीन नंबरच्या छपरावर गेला. तो सुरुवातीपासून विरोधात होता. "आत्याला एवढं कळत होतं तर सही का केली?" असं मला म्हणाला होता. त्याचं उत्तर तुला आधीच्या पत्रात दिलेलंच आहे.

मी खाली उभा राहून तुझं पत्र मोठ्यानं वाचत होतो आणि वर ते दोघं नकाशातल्या बांधाच्या रेघेवरून सरकत होते. "कळस डावीकडे!" रीमा ओरडली. मी ओरडलो, "मग पुढे!" चार पावलं. अजून दोन. मग दोघं थांबले. भाविक वरून म्हणाला, "पप्पा, बसला. खाचेत बसला." त्याचा आवाज बदलला होता. तो आपल्या पणज्याच्या दारावर उभा होता, मध्ये दहा फूट भराव आणि त्याचं गोडाउन.

तीन नंबरचं अर्धं गोडाउन पाडलं. भाविकनं सही केली, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला एका टेबलावर बसतो, सून दोघांमध्ये भाजी फिरवते. गोडाउन गेल्याचा राग नाही त्याला. तो एकदाच बोलला, "तुम्ही मला हे कधी सांगितलंच नाही." त्याचा मुलगा त्याला विचारेल तेव्हा तो काय सांगेल, हे त्याला कळत नाही.

भराव काढताना काय काय निघालं सांगू? लोकांची घरं. स्वयंपाकघराच्या फरश्या, देवघराचा कोनाडा, प्लास्टिकच्या बांगड्या, एक लूमचा धोटा, अजून गुळगुळीत. कुणाकुणाची पडलेली घरं आणून मी आपल्या बापसाच्या दारावर ओतली होती. आत्ताच्या पुरात पडलेल्या घरांचं डेब्रिज नारपोलीत फोडून जोत्यांत घालतायत. ते बघायला मी गेलो होतो, तुझ्या गल्लीत मात्र वळलो नाही.

गेल्या शुक्रवारी दगड लागला. मोरीचे चिरे जसेच्या तसे. आणि दार, मैना. मी तुला लिहिलं होतं, लाकूड कुजलं. बारा वर्षं चिखलात राहून काळं झालंय, पण कुजलेलं नाही. सागाला चिखलात काही होत नाही म्हणे, हवा लागली तरच कुजतं. मजुरांनी होजपाइपनं धुतलं. रीमानं बोटानं ढकललं. ते हललं.

मी तिथं खाली बसलो. मला वाटलं होतं निदान ते तरी मेलेलं सापडेल.

डाव्या हाताला तीन चिरा आहेत. मी हात फिरवून पाहिल्या. बिजागऱ्या नव्या घातल्या, दार तेच ठेवलं, तिचा हट्ट. बांधाच्या बाहेर तिवराची रोपं लावली. रोपं लावायला गावातल्या बाया आल्या होत्या, तुझी लहानपणची रंगूबाई आली होती. माझ्याशी कुणी फार बोललं नाही. मीही एक रांग लावली.

नाल्याचं काम अर्धंच झालंय. पण पाण्याला वाट झाली. आता पावसाचं बघायचं.

अनंता

काल्हेर, २६ जुलै २०२५

मैना,

परवा दिव्यांच्या अवसेला तू फोन केलास. आपण दोघं फार बोललो नाही, म्हणून जे बोलायचं होतं ते लिहितो.

आदल्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता, तसाच, आंधळा. सूनबाईनं दिवे घासून ओळीनं मांडले होते. मी म्हटलं, तुम्ही पूजा करा, आणि छत्री घेऊन उघाडीवर जाऊन बसलो. अकराला रीमाचा फोन आला, नारपोलीत गुडघाभर पाणी, तुझ्या गल्लीत उंबऱ्यावर आलंय. साडेबाराला भरती टोकाला होती. दार घट्ट मिटलेलं. आतल्या बाजूला नाल्याचं पाणी चढत होतं, पहिली चीर बुडाली होती, सगळ्या चिरा बुडाल्या होत्या. मी देवाचं नाव घेतलं नाही, कोणत्या तोंडानं घेणार?

भाविक आला. शेजारी उभा राहिला. त्याच्याकडे छत्री नव्हती, मी माझी त्याच्या बाजूला कलती केली.

तीनच्या सुमारास दार थरथरलं. खालून एक धार आली, सुतळीएवढी. मग मनगटाएवढी. मग अख्खं दार वर उचललं गेलं आणि नारपोली बाहेर आली, मैना. गढूळ पाणी, सुताचा कचरा, बॉबिन, चपला, एक प्लास्टिकची खुर्ची, रंगाची निळी फेसाळ रेघ. तासभर तसंच. साडेपाचला वरची चीर उघडी पडली. मग मधली. सहा वाजून गेल्यावर खालची.

मला ओरडायचं होतं. तुझ्यासारखं ओरडायला मला येत नाही, ते तुझं काम होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'मैना'. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी कानाला लावला, तर तू नाव घेतलं नाहीस, हॅलो म्हणाली नाहीस.

"पानी उतरला," तू म्हणालीस.

बांधावरून ओरडायचीस तेच शब्द, पण हळू. मग थोड्या वेळानं म्हणालीस, "येकाच सुकतीन."

मी 'हां' म्हणालो असेन. पुढे तू रडत होतीस की तिकडे पाऊस वाजत होता, मला नीट कळलं नाही. मी माफ कर म्हणालो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुझं ते 'येकाच' ऐकलं आणि मागायला जागा उरली नाही. माझ्यापाशी एक 'कोण जाणे' होतं, मी तुला लिहिलं होतं. उघाडी असती तरी उतरलं असतं की नाही, कोण जाणे. आता सगळ्यांना माहीत आहे. तेवढाच पाऊस, तसंच उधाण, तीच गल्ली, आणि पाणी एका सुकतीत गेलं. सावळारामला सहा मिळाल्या होत्या. पहिल्या सुकतीलाच रुग्णवाहिका तुझ्या दारात आली असती. तो रविवारी माझ्याकडे धोंड्याला जेवला असता आणि तांब्याचं ताट बघून म्हणाला असता, एवढा खर्च कशाला केला.

गावात लोक मला शाबासकी देतात. म्हणतात, अनंतानं गोडाउन फोडलं आणि नारपोली वाचवली. ते ऐकताना मला तुझा फोन आठवतो. त्या टायपिस्टनं 'उधारी' लिहिलं ते तरी काय चुकीचं होतं, असं आता वाटतं.

साडी पाठवत नाही. ती कपाटात राहू दे. तू मागितलीस तर आणून देईन, नाही मागितलीस तरी चालेल. तुझ्या दारात आता येणार नाही. एक मात्र करतो. दार आपोआप उघडतं आणि मिटतं हे खरं, पण आता पाण्यातून पिशव्या येतात. फटीत एखादी अडकली की दार पुरतं मिटत नाही आणि खारं पाणी आत शिरतं. दर सुकतीला कुणीतरी जाऊन हात घालून काढावी लागते. बापसाच्या वेळी पिशव्या नव्हत्या, माणूस लागत नव्हता. आता लागतो.

आजची सुकती सव्वासातच्या सुमाराला आहे. मी निघतो.

अनंता